तुझं नाव तिथे नको, वहिनी

वहिनी, तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडे तुझा फोटो मागतायत. साधा नको. नऊवारीतला हवा, हातात मुखवटा धरलेला, शक्यतो हसरा. आधी आपल्या नमन मंडळाच्या प्रकाशने ग्रुपवर टाकायला मागितला. मग त्या कलाग्रामवाल्या संस्थेतल्या कुणा मुलीचा फोन आला. "ताई, थोडा ट्रॅडिशनल लुक असेल असा पाठवा ना. बॅनरवर छान दिसतो." मी म्हटलं, तसा नाही माझ्याकडे. माझी वहिनी गाऊनवर ओढणी टाकून काम करायची. कोपरापर्यंत खळ, केसांना क्लिप, नाकावर पांढरा रंग. असा आहे, चालेल का? मुलगी म्हणाली, "पाठवा, आम्ही एडिट करून घेऊ."

आणि करून घेतला. बॅनरवर तुला नथ घातली गं त्यांनी. लग्नात चापाची घातली होतीस ती संध्याकाळच्या आत काढलीस, शिंका येतात म्हणून. त्या नथीकडे बघून मला जी शिसारी आली ती अजून उतरलेली नाही. खरं तर अशा वेळी माणसाने रडत लिहावं. रडू येतं, नाही असं नाही. भाजी चिरताना येतं, तुझ्या चपला उचलून ठेवताना आलं. पण ते येऊन जातं. हा वीट मात्र जात नाही. म्हणून म्हटलं, तो आहे तसाच तुला सांगावा. तू गेलीस म्हणून मी तुझ्याशी गोड बोलायला लागले तर तुलाच संशय येईल.

सोंगं नाचवत नमन करणाऱ्या दादाच्या मंडळाची तालीम आपल्या भाईंदरच्या, नवघरमधल्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये व्हायची, तिथून हे सगळं सुरू झालं. दादा मृदंगावर, बाकीचे कुणी गॅरेजमधून आलेले, कुणी वॉचमनची ड्युटी संपवून. कपडे आणि सोंगं मुंबईतल्या ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणायचे. एकदा त्यांनी आणलेला संकासूर, नमनातला तो उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा असुर, तू बघितलास. मुखवट्याचं नाक दबलेलं, दाढी अर्धी उपटलेली. तू जिन्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होतीस. म्हणालीस, "ह्याला संकासूर म्हणायचं? ह्याला तर डॉक्टरकडं न्या."

तुझे वडील गावात शिमग्याची सोंगं करायचे, ते बघत तू वाढलीस, एवढंच आम्हाला माहीत होतं. तुला स्वतःला ते येतं हे दादालाही माहीत नव्हतं. तू कुंडीतली माती काढलीस, परातीत मळलीस, गॅलरीत साचा केलास आणि त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवलेस. माती ओली होती, डावी भुवई जरा वर सरकली. तुला ते मोडायचं होतं. दादा म्हणाला, "राहू दे. हा संकासूर कुणावर तरी संशय घेतोय असं वाटतं." ती भुवई तशीच राहिली. नंतर तू किती साचे केलेस, पण डावी भुवई वर. भाईंदरची, विरारची मंडळं तुझ्याकडे यायला लागली तेव्हा तीही म्हणायची, तो संशय घेणारा संकासूर द्या.

दादा गेला आणि तू म्हणालीस, मी गावाला जाते. आपलं पहिलं मोठं भांडण त्या दिवशी झालं. मी ऑफिसातून येऊन चहा टाकला होता. मी म्हटलं, काय आहे तिथे? अर्ध्या घरांना कुलपं आहेत. माणसं नाहीत, कामं नाहीत, काजूचा हंगाम संपला की बायका पावसाची वाट बघत बसतात.

"म्हणून तर जातेय," तू म्हणालीस. "पालखी नाचवायला माणसं भाईंदरहून जातात. गणपती आणायला भाईंदरहून जातात. चार दिवस गाव असतं, मग परत कुलपं. उरलेल्या वर्षाला गाव नको काय?"

"मग तू जाऊन काय करणार? सोंगं?"

"सोंगंच. दुसरं मला काय येतं?"

मी म्हटलं, नमन वाचवायला निघालीस की काय. माझा तो स्वर तुला कळला. तू कप विसळत म्हणालीस, "नमनाचं नमन बघून घेईल. मला गाव पायजे. नमन हाताशी आहे, म्हणून नमन."

हे तुझं वाक्य पुढे तुझ्याबद्दल भाषणं ठोकणाऱ्या एकालाही कळलं नाही. सगळे म्हणाले, तू कला जपलीस. तू कला राबवलीस, वहिनी. बैलासारखी राबवलीस आणि तिच्यावर वाडी उभी केलीस.

आधी पडवीत तू आणि तुझी चुलत जाऊ. मग आणखी बायका. काजूच्या डिंकाने काळे पडलेले हात कागद फाडायला बसले. कुणी मुकुट करायची, कुणी गौळणींचे परकर शिवायची, एक म्हातारी फक्त संकासुराच्या दाढ्या विणायची आणि दुसरं काही सांगितलं की रुसायची. माल खाजगी बसच्या टपावरून इकडे हायवेवर काशीमीऱ्याला यायचा आणि तिथून उतरवून मंडळांना पोचवायचं काम तू मला न विचारता मला दिलंस. एका सकाळी मी रावणाची दहा तोंडं चादरीत गुंडाळून रिक्षात बसले होते. एक तोंड बाहेर आलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "ये क्या है आंटी?" मी म्हटलं, रावण है. तो म्हणाला, "इतना बड़ा? फिर मीटर से ही चलते हैं." तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की ठसका लागला. त्या वर्षांसाठी मी तुझी ऋणी आहे. निवृत्तीनंतर बायका देवळात जातात, मी रावण पोचवत होते.

आणि सुलभा. ती काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात भांडी घासायची, नवघरला एका खोलीत भाड्याने राहायची. नवरा टेम्पोवर. आपल्याच वाडीची सून, पण लग्नानंतर गावात ती कधी राहिलीच नव्हती. तू तिला म्हणालीस, चल. ती मुलीला घेऊन गेली. वर्षभराने नवराही तिच्यामागे गावी गेला, तिकडे टेम्पो चालवायला लागला. मग आणखी एक घर उघडलं, मग आणखी एक. बंद करायला काढलेल्या शाळेत पोरं परत दिसायला लागली. मी शिमग्याला आले तेव्हा संध्याकाळी वाडीत चार ठिकाणी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तू मला थांबवून ऐकवल्यास. "ऐक," म्हणालीस, "हे आपलं नमन."

मी नुसत्या त्या शिट्ट्या मोजत राहिले. तुला वाटलं असेल, पटलं नाही.

मग सर आले.

सगळे त्यांना सर म्हणायचे, कुठल्या शाळेत शिकवत होते कोण जाणे. तागाचा कुर्ता, पायात कोल्हापुरी, बोलणं लोण्यासारखं. मुंबईतली संस्था, ग्रामीण भागात सर्जनशील उद्योगांतून विकास करते म्हणे. तुझ्या पडवीत मांडी घालून बसले, हाताने भात कालवून जेवले आणि म्हणाले, इथे आपण कलाग्राम करू. इमारत, पाहुणे, देशभरचा बाजार. तू त्यातलं निम्मं ऐकलंच नाहीस. तू एकच विचारलंस, "वाळवायला खोली होईल काय?"

कारण तुझं दुखणं तेच होतं. गणपतीची मागणी श्रावणात पुरी करावी लागते आणि श्रावणात कोकणात काहीच वाळत नाही. मुखवट्यांना बुरशी यायची, खळ आंबायची, बायका चुलीवर मुखवटे धरून बसायच्या आणि एखादा जळायचा. सर म्हणाले, होईल की, पहिली तीच बांधू. आणि तू हो म्हणालीस. लोक म्हणतात तू प्रसिद्धीला भुललीस. तू गरम हवेच्या एका खोलीला भुललीस.

मी तुला फोनवर म्हटलं, हा माणूस मला आवडत नाही.

"का? जेवला की चांगला."

"फार चांगला जेवला. आयुष्यभर ऑफिसात साहेबांची पत्रं टाइप केलीत मी, वहिनी. अशी गोड पत्रं आली की पुढच्या महिन्यात कुणाची तरी नोकरी जायची."

"तुला सगळ्यात घाणच दिसते," तू म्हणालीस.

"घाण असते म्हणून दिसते."

"असूं दे. घाणीत हात घातल्याबिगर माती मळता येत नाय." आणि फोन ठेवलास.

इमारत झाली. लाल चिऱ्याची, मोठ्या काचांची, देखणी होती हे मान्य करते. रस्ता झाला, तो हायवेपासून इमारतीच्या फाटकापर्यंत. वाडी तिथून पुढे, तिथे चिखल तसाच. वाळवायच्या खोलीच्या जागी कॅफे झाला. पाहुण्यांना बसायला काहीतरी हवं म्हणे. तू विचारलंस तेव्हा सरांनी समजावलं, की ते दुसऱ्या टप्प्यात आहे. बायकांना रोजावर घेतलं, पण मुखवटे करायला नव्हे, करून दाखवायला. शेजारच्या रिसॉर्टमधले पाहुणे अकरा वाजता यायचे, तेव्हा ओला कागद हातात हवा. ते गेले की तो थर सोडून दुसऱ्या गटासाठी पुन्हा पहिला थर. सुलभा मला म्हणाली होती, "आत्या, महिना झाला, एक मुखवटा पुरा नाय केला आम्ही." पुरा करायचं कुणाला कामच नव्हतं.

आणि मग काशीमीऱ्याला तो महोत्सव. मला ते मैदान आता हायवेवरून दिसलं तरी मी तोंड फिरवते. ट्रकांचे हॉर्न, डिझेलचा वास आणि त्यात प्लायवूडच्या झोपड्यांचं कोकण. वरती झावळ्या, दाराशी प्लास्टिकची तुळस. आपल्या बायकांना नऊवारी नेसवून झोपडीत बसवलं होतं. मोबाईल दिसता कामा नये, पाण्याची बाटली दिसता कामा नये. सुलभाला घाम फुटला होता आणि ती कागद फाडत होती. एक बाई मोबाईल धरून तिच्यासमोर वाकली. "आप लोग गाँव में ऐसे ही रहते हो?"

सुलभाने वर बघितलं. "नहीं. गाँव में पंखा है," ती म्हणाली. "और मैं पहले वो सामनेवाले होटल में काम करती थी."

बाईने रेकॉर्डिंग बंद केलं आणि पुढच्या झोपडीत गेली.

नमनाला स्टेजवर दहा मिनिटं दिली होती. सुरुवातीचा गण नको, वेळ जातो. गौळण नको, भाषा कळत नाही. फक्त संकासूर नाचवा, खाली डीजे लावू. निवेदक म्हणाला, आता येतोय आपला कोकणी सांताक्लॉज. लोक हसले. पुढच्या रांगेत प्रकाशही हसला. आपला प्रकाश, वहिनी, ज्याला दादाने झांज धरायला शिकवली.

मी तुला शोधत विक्रीच्या स्टॉलकडे आले. तू तिथे एक मुखवटा हातात घेऊन उभी होतीस. फायबरचा, चकचकीत, रांगेने टांगलेल्या कितीतरी मुखवट्यांतला एक. खाली आपल्या गावाच्या नावाचं लेबल, हाताने बनवलेला म्हणून. डावी भुवई वर. तुझ्याच साच्यावरून काढलेला. उलटा करून आतून बोट फिरवलंस, मग तोंडावर चढवलास. बराच वेळ काढला नाहीस. मला भीती वाटली, आत तू रडतेयस की काय. मग काढलास आणि स्टॉलवरच्या पोरीला परत दिलास. "आत वास येतोय," म्हणालीस, "नाचणारा गुदमरंल. श्वासाला भोकं पाडा."

मला त्या क्षणी तुझा राग आला. अख्खा स्टॉल उधळायचा सोडून तू त्यांना सुधारणा सांगत होतीस. सर आले, त्यांना मी विचारलं, हे कुठे बनवले? ते म्हणाले, "भिवंडीजवळ एक युनिट आहे. मागणी वाढली की स्केल करावं लागतं. पण डिझाइन गावाचंच आहे, श्रेय गावालाच." असं म्हणून त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू तो हात सावकाश बाजूला काढलास, डास उडवावा तसा. तुझा राग मला तेवढाच दिसला.

गावी परतल्यावर तू कलाग्रामात कामाला जायचं थांबवलंस. त्यांनी तुझ्या जागी तुझ्या जावेला उभं केलं, तिच्या फोटोची पत्रकं छापली. ती बिचारी रडत तुझ्याकडे आली आणि तू तिला म्हणालीस, जा, रोज बुडवू नको. वाडीत दोन तट पडले. मग मंडळाने तुला भाईंदरला बोलावून घेतलं. आपल्याच सोसायटीच्या ऑफिसात बैठक. वडापाव आणि चहा. प्रकाश अध्यक्षाच्या खुर्चीत. मी तुझ्या शेजारी बसले होते.

"वहिनी," प्रकाश म्हणाला, "सगळ्यांच्या वतीने सांगतो. गावाच्या विकासाच्या आड येऊ नका."

"विकास म्हणजे काय ते सांग," तू म्हणालीस. "मग मी आड आलेय काय ते बघू."

"रस्ता झाला. देवळाला सभामंडप देतायत. गावाचं नाव पेपरात येतंय."

"रस्ता फाटकापर्यंत झालाय. सुलभाच्या पोरीला शाळेत जायला गुडघाभर चिखल हाय. आणि मुखवटे भिवंडीला होतायत. बायका परत भाईंदरला यायला लागल्या तर तुमच्या सभामंडपात बसणार कोण?"

कुणीतरी म्हणालं, त्या फार शिकलेल्या नाहीत, त्यांना मोठं चित्र दिसत नाही. ते तुला ऐकू गेलं. बाकीचे वडापाव खात होते. मी त्या माणसांच्या तोंडांकडे बघत होते, चटणी लागलेल्या. ही सगळी आपली माणसं, ह्यांच्या लग्नांना, ह्यांच्या पोरांच्या बारशांना मी गेलेय. मी उठले, तुझा दंड धरला. तू बसून राहिलीस. शेवटपर्यंत बसलीस, मागाहून कप गोळा करू लागलीस. जिन्यात मी तुला म्हटलं, तुला स्वाभिमान आहे की नाही? तू म्हणालीस, "उद्या ह्यांच्याच मंडळाला संकासूर द्यायचा हाय, मंदा. सगळ्यांशी तोडून कसं चालेल?"

ते भांडण तिथेच राहिलं, कारण महिन्याभरात तुझ्या पोटातली गाठ निघाली आणि तू माझ्याकडे राहायला आलीस.

दवाखान्याचं काही लिहीत नाही. तुला ते आठवायचं नाही आणि मलाही नाही. मला आठवतं ते माझ्या जेवणाच्या टेबलावरचं तुझं कामाचं पसरलेलं साहित्य. खळीच्या वासाने माझं जेवण जाईना. तू गॅलरीत मुखवटे वाळत घालायचीस, शेजारची भाभी म्हणाली, "दीदी, ये भूत अंदर करो, बेबी डरती है." तू एक छोटा मुखवटा करून तिच्या बेबीला दिलास, गालावर लाली लावून. नंतर ती पोरगी तोच लावून लिफ्टमध्ये लोकांना घाबरवायला लागली.

शेवटच्या आठवड्यात तुला बसवत नव्हतं. मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू म्हणालीस, "मी गेले की बंद करा म्हणून सांगू नको बायकांना."

"मी कशाला सांगेन?"

"सांगशील. तुला घाण दिसली की तू दार लावून घेतेस."

"आणि तू उघडं ठेवतेस. म्हणून तर सर आत आले."

"त्याच दारातून सुलभापण आली," तू म्हणालीस.

मी काहीतरी उत्तर देणार होते. चांगलं उत्तर होतं माझ्याकडे, आता आठवत नाही. तेवढ्यात तुला उमासा आला, मी भांडं धरलं, आणि मग तुला झोप लागली. त्यानंतर आपण भांडलो नाही. तू फक्त पाणी मागायचीस.

परवा भाईंदर पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये, तुझी शोकसभा झाली. स्टेजवर तुझा तो नथीतला फोटो आणि शेजारी दुप्पट आकारात छापलेले, हात जोडलेले दोन पुढारी, ज्यांनी तुला कधी बघितलं नव्हतं. प्रकाश रडला. मला वाटतं खरंच रडला, आणि त्याचीही मला किळस आली. मग पाहुण्यांना स्मृतिचिन्हं दिली. काय दिलं असेल? फायबरचा संकासूर. मलाही बोलावलं, शाल घातली आणि तो हातात ठेवला. मी खाली आले आणि तो खुर्चीखाली पायाने सरकवला. कुणीतरी मागून म्हणालं, काकू, तुमचं राहिलं. मी म्हटलं, माझं नाही ते.

शेवटी सर बोलायला उठले. तू त्यांची गुरू होतीस म्हणे. तुझ्याकडून ते मातीशी इमान शिकले. आणि म्हणून कलाग्रामाला तुझं नाव द्यायचं संस्थेने ठरवलंय. टाळ्या. मी टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत बसले.

टाळ्या थांबायच्या आत मागच्या रांगेतून सुलभा उठली. गावाहून ती आणि चार जणी आल्या होत्या, साध्या साड्यांत. तिच्या हातात माईक नव्हता. ती ओरडलीही नाही. पण भांड्यांच्या आवाजावरून बोलायची सवय असलेली बाई ती, सगळ्यांना ऐकू गेलं.

"वहिनींचं नाव तिथं लावू नका," ती म्हणाली. "तिथं मुखवटे होत नायत. तिथं आम्ही कागद भिजवायचो आणि टाकून द्यायचो. वहिनी तिथं यायच्या बंद झालेल्या, ते तुम्हाला ठाव हाय. नाव नको."

सर हसले, समजूतदार. निवेदिका म्हणाली, "धन्यवाद ताई, आपल्या भावना आम्ही समजू शकतो," आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. एवढंच. कुणी विचारलं नाही, का नको. पण वहिनी, सुलभाच्या शेजारी तुझी जाऊ बसली होती, पत्रकांवरच्या फोटोतली. ती उठून उभी राहिली. मग बाकीच्या तिघी. आणि मी पुढच्या रांगेतून उठले. आम्ही सहा जणी मधल्या वाटेने बाहेर आलो. मागे भाषण चालूच होतं.

त्यांना बसला सोडायला मी काशीमीऱ्यापर्यंत गेले. बस यायला वेळ होता, टपरीवर चहा घेतला. सुलभा म्हणाली, "आत्या, आम्ही आता तिकडं जात नाय. रोज गेला तर गेला. माझ्या सासऱ्यांची काजूची जुनी भट्टी हाय ना, ती पावसाळ्यात बंदच असते. तिथं दोऱ्या बांधल्या. खालून मंद जाळ केला की चांगलं वाळतं. पहिला घाणा काढला."

"बुरशी?" मी विचारलं.

"नाय आली. जरा काजूचा वास लागतो."

"वहिनीला सांगितलं होतंस?"

"फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, मंदाला सांगू नको, ती म्हणंल उद्या भट्टी पण कुणीतरी घेऊन जाईल."

मी तेच म्हणणार होते. अगदी हेच शब्द माझ्या तोंडात आले होते. सुलभा माझ्याकडे बघत होती, तुझी जाऊ कप धरून बघत होती. हायवेवरून ट्रक जात होते आणि मी टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले. बस आली, त्यांनी पिशव्या उचलल्या आणि गेल्या.

मला अजून तेच वाटतं, वहिनी. दोन वर्षांनी त्या भट्टीत कुणीतरी तागाचा कुर्ता घालून येईल, हाताने भात कालवून जेवेल. प्रकाश त्याला घेऊन येईल. मला ह्या सगळ्यांचा वीट आलाय आणि तो जाणार नाही, तू कितीही समजावलंस तरी. त्यावर तू काहीतरी म्हणाली असतीस, कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून. मी घरी येऊन तेच शोधतेय. माझी बाजू मला तोंडपाठ आहे, ती मी तुला आत्ता सगळी सांगितली. तुझी मला जमत नाही. ओट्याजवळ उभी राहून बघितलं, एक-दोन वाक्यं म्हणूनही बघितली. ती माझ्याच आवाजात येतात.